मानमोडी आणि शाळेचे दप्तर

मराठी मुलखात 1918 सालच्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. त्या नावातच त्या तापाची दहशत साठलेली आहे. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली ही साथ प्रथम सौम्य वाटली. सप्टेंबरात ती उलटली तेव्हा तिचे रूप पालटले होते. 6 ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या वाटेने ती अंतर्भागात पसरली. सौसरवरून जाणारा नागपूर-छिंदवाडा हा अरुंद लोहमार्ग तोवर सुरू झालेला होता. आपला तेव्हाचा मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य महागले. कर्त्या वयाची माणसे अधिक गेली, त्यातही स्त्रिया अधिक. कारण आजाऱ्याची उशापायथ्याची सेवा त्यांच्याकडेच होती. 1911 च्या तुलनेत 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली आढळली.

आपल्या पूर्वजांना साथीची ओळख नव्हती असे नाही. प्लेगात घरे सोडून रानात झोपड्या घालण्याची रीत त्यांनी अंगीकारली होती. मानमोडीपुढे मात्र ती अपुरी पडली. इन्फ्लुएन्झाची बाधा झाल्यावर एक ते चार दिवसांत ताप येतो, आणि ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोगी तो इतरांना देऊ लागतो. रानात जाणारा माणूस रोग सोबतच नेत असे. रोगाचा विषाणू माणसात सापडला तो 1933 साली. तोवर शत्रू कोण हेच ठाऊक नव्हते.

आज ते ठाऊक आहे. मुलांच्या शरीरातून हा विषाणू मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाहेर पडतो, हेही ठाऊक आहे. वर्गात एका बाकावर तिघे बसतात आणि संध्याकाळी तिघे तीन घरी जातात. 2009 च्या स्वाइन फ्लूत देशातील पहिला मृत्यू 3 ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. ती एक शाळकरी मुलगी होती. त्या महिन्यात पुण्या-मुंबईच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

जपानचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे 1962 पासून शाळकरी मुलांना इन्फ्लुएन्झाची लस देत. 1977 मध्ये ती सक्तीची झाली, 1987 मध्ये सक्ती सैल झाली आणि 1994 मध्ये तो कार्यक्रमच थांबला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, मुलांना लस मिळत होती त्या काळात वृद्धांचे मृत्यू घटले होते आणि ती थांबताच ते पुन्हा वाढले. नातवाच्या दंडावरची सुई आजीला राखत होती!

आपल्या घरांतून आजही आजी-आजोबा आणि नातवंडे एका छपराखाली नांदतात. हे आपले वैभव आहे, आणि साथीत हीच आपली दुखरी बाजू. त्यात पावसाळा हा आपल्याकडे फ्लूचा मुख्य हंगाम. पोळा, जांब नदीकाठची गोटमार आणि गणपती नेमके याच दिवसांत येतात. अशा वेळी अंगात ताप असलेले मूल केवळ पूर्ण हजेरीचे बक्षीस हुकू नये म्हणून शाळेत धाडले जाते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. हजेरीच्या त्या एका खुणेची किंमत दुसऱ्याच घरातील एखादा म्हातारा जीव मोजतो.

उपाय फार थोडे आहेत. औषधाविना चोवीस तास ताप नसेल तरच मुलाला शाळेत पाठवावे. खोकताना तोंड कोपरात झाकावे आणि शाळेतून येताच साबणाने हात धुवावेत. आजारी मुलाचे अंथरूण आजीच्या खाटेपासून दूर घालावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि सेवेचा भार घरातील एकाच स्त्रीवर टाकू नये. लस दरवर्षी बदलते. ती कोणाला द्यावी हे वैद्यकीय सल्ल्याने पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. दम लागला किंवा मूल सुस्त पडले, तर दवाखाना गाठण्यास उशीर करू नये.

मानमोडीत आपली माणसे अज्ञानापायी गेली. त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला मात्र ती सबब उरलेली नाही.