दाराच्या आत काय होतं? जुन्या गोव्याचा राजवाडा आणि आमचं तळीकाठचं घर



मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो तेव्हा गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. नंतर अडतीस वर्षं बँकेत काढली. त्यामुळे आज जे लिहितोय त्यात इतिहास थोडा आणि हिशेब जास्त असेल. वाचून झाल्यावर चुका जरूर सांगा.

२०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्याला फेस्त होतं. दर दहा वर्षांनी सायबाचं शव लोकांच्या दर्शनाला ठेवतात, ते. मुंबईहून मुलगा आणि नातू आले होते, त्यांना घेऊन गेलो. गर्दी टाळायला आम्ही मोठ्या से कॅथेड्रलकडून सेंट कॅजेटनच्या चर्चकडे वळलो. तिथे वाटेत एक दार आहे. चार-सहा पायऱ्या, वर काळ्या दगडाची कोरीव चौकट, बस्स. मागे भिंत नाही, छप्पर नाही. नक्षी पाहिली की आपल्याकडच्या जुन्या देवळाची आठवण यावी. नातू पायऱ्या चढून चौकटीतून पलीकडे गेला, परत आला आणि म्हणाला, "आजोबा, या दाराच्या आत काय होतं?"

मी सांगितलं, "राजवाडा." तो म्हणाला, "मग गेला कुठे?"

त्या प्रश्नानं मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण तेव्हा माझ्या टेबलावर आमच्या स्वतःच्या घराचे कागद सहीसाठी पडलेले होते.

त्याच जागी मी पहिल्यांदा गेलो होतो १९६४ च्या फेस्ताला, बारा वर्षांचा असताना. आम्ही डिचोली तालुक्यातले. बाबांबरोबर नारव्याला आलो, सप्तकोटेश्वराला नमस्कार केला, होडीतून दिवाडी बेटावर उतरलो, बेट चालत ओलांडलं आणि दुसऱ्या होडीतून जुन्या गोव्याला लागलो. धक्क्यावरून वर चढलं की व्हाइसरॉयची कमान लागते. १६०० च्या सुमारास वास्को द गामाच्या पणतूनं ती बांधली, तो तेव्हा व्हाइसरॉय होता. नवा व्हाइसरॉय आला की याच कमानीतून शहरात शिरायचा. (आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली.) बाबा म्हणाले होते, "ह्या कमानीच्या अंगाला आदिलशहाचा वाडा होता." मी इकडेतिकडे पाहिलं. माड आणि गवत.

आता त्या वाड्याचा हिशेब मांडतो.

विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातला हा मांडवीकाठचा कोटासारखा वाडा. १५१० मध्ये अफोन्सो द आल्बुकेर्कनं शहर घेतलं आणि वाडा पोर्तुगिजांच्या हाती गेला. १५५४ पासून गव्हर्नर आणि व्हाइसरॉय तिथे राहायला लागले. आतल्या दालनात सगळ्या गव्हर्नरांच्या तसबिरी होत्या. दुसऱ्या दालनात दरवर्षी लिस्बनहून येणाऱ्या गलबतांची चित्रं, त्यांच्या कप्तानांच्या नावांसकट. बुडालेल्या गलबतांचीसुद्धा! बँकवाल्याला हे फार आवडलं. बुडीत खातंही त्यांनी वहीतून काढलं नव्हतं.

मग दिवस फिरले. डच लोकांनी समुद्रावरचा व्यापार खेचून घेतला. शहरात साथींवर साथी आल्या, पाणी खराब, नदीत गाळ. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी सांत इस्तेव्ह म्हणजे आपलं जुवें बेट घेतलं, ते तर शहराच्या उंबऱ्यावरच. व्हाइसरॉयनं सेंट झेवियरच्या पायाशी आपला राजदंड ठेवून धावा केला, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर राजधानी मुरगावला हलवायचा बेत झाला, बांधकाम सुरू झालं आणि अर्ध्यात राहिलं.

१६९५ मध्ये व्हाइसरॉय हा वाडा सोडून शहराबाहेर पाणेलीला राहायला गेले. तेव्हा शहरात वीसेक हजार माणसं उरली होती. १७५९ मध्ये ते आणखी पुढे पणजीला गेले, आदिलशहाच्याच दुसऱ्या वाड्यात, ज्याला आपण जुनं सचिवालय म्हणतो. १७७५ पर्यंत जुन्या शहराची वस्ती सोळाशेवर आली. त्या सुमारास पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं शहर पुन्हा वसवायचा हुकूम काढला, पैसा ओतला. पण माणसंच नांदायला तयार नाहीत तिथे पैसा काय करणार? पोंबाल पदावरून गेला आणि तो बेतही संपला.

१८२० मध्ये वाडा पाडला. जुन्या शहरातले दगडधोंडे पणजीच्या नव्या इमारतींना गेले. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. वाड्याचं राहिलं ते हे दार. तसबिरी मात्र वाचल्या. त्या आज तिथल्याच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहेत.

कुणी विचारलं वाडा कधी पडला, तर पुस्तकात १८२० लिहिलेलं असेल. माझ्या हिशेबानं तो १६९५ मध्ये पडला. ज्या दिवशी तिथली चूल विझली त्या दिवशी. पुढची सव्वाशे वर्षं नुसता घसारा चालू होता. इमारतीवर दरवर्षी घसारा धरायचा असतो, बाहेरून ती कितीही धडधाकट दिसो. शेवटी खात्यात शून्य राहतं आणि मग कुणीतरी येऊन ते निकाली काढतो. निकाली काढणाऱ्याचं नाव लागतं, घसारा कुणाच्या नावावर लागत नाही.

आता आमचं खातं.

आमचं घर डिचोली तालुक्यात, देवळाच्या तळीच्या काठावर. वाडा म्हणण्याइतकं मोठं नव्हे, पण गावात "तळयेवयलें घर" म्हणूनच ओळखायचे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मध्ये राजांगण, त्यात तुळस. पुढच्या वसरीत बसलं की तळीचं पाणी पायाशी असल्यासारखं वाटायचं. आजी तिथेच सुपारी कातरत बसायची. चवथीला माटोळी बांधायला रानातली फळं गोळा करण्यापासून तीस-पस्तीस माणसं राबायची आणि तेवढीच पंगतीला असायची.

मुक्तीनंतर नोकऱ्या आल्या. एक काका मुंबईला, एक मडगावला. मी १९७४ मध्ये बँकेला लागलो आणि बदल्यांच्या मागे फिरलो. बाबा १९८९ मध्ये गेले. आई एका बाईला सोबतीला घेऊन सात वर्षं तिथे राहिली. १९९६ मध्ये तिचा पाय मोडला तेव्हा मी तिला पणजीच्या फ्लॅटवर आणलं. कुलूप मी लावलं. ती गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "आतां दिवो कोण लायतलो?"

मी म्हटलं, शेजाऱ्यांना सांगितलंय. आणि खरंच सांगितलं होतं. पण शेजारी दिवा लावतो, कौलं परतत नाही. ज्यांना चिऱ्याच्या घराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जुन्या भिंती मातीत रचलेल्या असतात, त्यांना वाचवतं ते छप्पर. वानरांनी एक कौल फोडलं की पाणी वाशावर पडतं, वासा कुजला की शेजारची दहा कौलं खाली येतात, मग पाणी भिंतीत उतरतं आणि दोन चिऱ्यांमधली माती वाहून जाते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. राहत्या घरात पहिला थेंब गळला की कुणीतरी खाली टोप ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस वर चढवतो. बंद घरात तो थेंब चार महिने गळत राहतो.

मी पेडण्याला शाखेत होतो तेव्हा कर्जासाठी घरं बघायला जायचो. कुलूपबंद घरं तिथे बरीच, माणसं मुंबईला. आणि त्याच पेडण्यात देशप्रभूंचा वाडा मात्र उभा. मी तेव्हा अहवालात लिहायचो, "इमारत वापरात नसल्याने मूल्य कमी." स्वतःच्या घराबद्दल तो शेरा कधी लिहिला नाही.

दुरुस्तीची गोष्ट तीनदा निघाली. पण आपल्याकडचा कायदा तुम्हाला माहीत आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा, शिवाय नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, म्हणून प्रत्येकाबरोबर जोडीदाराचीही सही. कायदा न्यायाचाच आहे, त्याला दोष नाही. पण आमच्या घरात एकूण तेवीस सह्या झाल्या होत्या. खर्च कुणी करायचा म्हटलं की तेवीस जण गप्प. २०१९ च्या पावसात मागची पडवी आणि स्वयंपाकघर बसलं. पुढे २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, उत्तर गोव्यात जमिनीला विचारणा वाढली आणि मग एका वर्षात तेवीसही सह्या जमल्या. बावीस इतरांच्या, तेविसावी माझी.

२०२५ च्या मे महिन्यात घर पाडलं. मी गेलो होतो. मला वाटलं होतं आठवडा लागेल, जेसीबीला दीड दिवस पुरला. चांगले चिरे वेगळे काढून टिप्परमधून नेले, त्यांना अजून गिऱ्हाईक आहे. मी फक्त पुढच्या दाराची चौकट मागून घेतली. ती चुलतभावाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. आमच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही.

काहींनी मला विचारलं, तुम्ही सही का केलीत? न करून काय झालं असतं? अजून दहा पावसाळ्यांत ते आपोआपच बसलं असतं. मला खंत सहीची नाही, कुलपाची आहे. आईला पणजीला आणणं भागच होतं. पण दर मे महिन्यात आठ दिवस तिथे जाऊन कौलं परतून घेणं मला अशक्य नव्हतं. मी अधिकारी होतो, रजा शिल्लक होती. तीही शेवटी फुकट गेली.

ज्यांची घरं अजून उभी आहेत त्यांना एवढंच सांगतो. वाट्यांचा निकाल थोरले जिवंत असताना लावून घ्या. भाडेकरू ठेवा, शाळकरी मुलांचा वर्ग भरवा, काहीही करा, पण घरात कुणीतरी चूल पेटवू द्या. आणि सप्तकोटेश्वराची आठवण ठेवा. दिवाडीवरचं त्याचं देऊळ गेलं, पण लोक देवाला नदी ओलांडून नारव्याला घेऊन आले, १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि तिथे आजही पूजा चालू आहे. जागा बदलली तरी दिवा लागत राहिला.

सध्या मी एक काम काढलंय. वहीच्या चौकटींच्या कागदावर घराचा नकाशा आठवणीतून काढतोय, नातवासाठी. वसरी, राजांगण, देवाची खोली, बाळंतिणीची खोली, भाताची कोठी, सगळं. कोण कुठे निजायचं तेही लिहितोय. माजघराच्या उत्तरेच्या खोलीला खिडक्या दोन की तीन, यावर माझं आणि धाकट्या बहिणीचं अजून भांडण चालू आहे. चवथीला त्या घरात जेवलेलं तुमच्यापैकी कुणी असेल आणि आठवत असेल, तर कृपा करून कळवा.