कर्ता नसलेलें वाक्य

हिरोशिमाच्या शांति-उद्यानांत केंझो तांगे यांनीं योजलेल्या कमानीखालीं एक दगडी पेटी आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां पडलेल्या अणुबाँबनें जे मेले, त्यांच्या नांवांच्या वह्या तींत ठेविल्या आहेत. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंतच सुमारें १,४०,००० माणसें प्राणांस मुकलीं, असा नगरपालिकेचा अंदाज आहे. १९५२ सालीं या पेटीवर जो लेख कोरला गेला, त्याचा भावार्थ असा कीं, मृतांनीं शांत निजावें. चूक पुन्हां करणार नाहीं.

चूक कोणाची, आणि पुन्हां करणार नाहीं तें कोण? जपानी भाषेंत कर्त्यावांचून वाक्य सहज उभें राहतें. आमच्या मराठींतहि तें तसेंच्या तसें उतरतें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. इंग्रजींत मात्र कर्ता सांगितल्याशिवाय सुटका नाहीं. म्हणून लेखाच्या कर्त्यानें आपल्या इंग्रजी भाषांतरांत 'आम्ही' हा शब्द घातला.

या मौनावर मोठा आक्षेप घेतला तो एका भारतीयानें. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत सर्व आरोपींस निर्दोष ठरविणारा निराळा निकाल लिहिणारे न्यायमूर्ति राधाबिनोद पाल १९५२ च्या नोव्हेंबर महिन्यांत हिरोशिमास गेले. बाँब टाकला अमेरिकेनें; मग जपान्यांनीं चूक कां कबूल करावी, असा त्यांचा सवाल होता. लेखाचे कर्ते प्राध्यापक तदायोशी साइका हे स्वतः त्या स्फोटांतून वांचलेले. त्यांनीं उत्तर दिलें कीं, येथें कर्ता अखिल मानवजात आहे. १९८३ सालीं नगरपालिकेनें त्याच अर्थाचा फलक तेथें लाविला.

साइकांचें औदार्य आम्हांस वंद्य वाटतें; पण इतिहासाच्या अभ्यासकास तेथें थांबतां येत नाहीं. बाँब टाकण्याची आज्ञा मानवजातीनें दिली नव्हती, ट्रूमन यांच्या सरकारानें दिली होती. पालांचा सवाल रास्तच; मात्र त्याच्या आड लपून नानकिंगचा हिशेब चुकविणारेहि पुष्कळ निघाले. जपानच्या अमलामुळें हिरोशिमांत येऊन पडलेले हजारों कोरियन त्याच स्फोटांत मेले. त्यांचें स्मारक १९७० सालीं झालें तें उद्यानाबाहेर, आणि आंत येण्यास १९९९ साल उजाडावें लागलें!

लेखावरील वाद कांहीं शमला नाहीं. २००५ सालीं एका इसमानें छिन्नी घेऊन त्यांतील 'चूक' हा शब्दच खरवडला. पुढें २०१६ च्या मे महिन्यांत बराक ओबामा तेथें आले; अध्यक्षपदीं असतां हिरोशिमास येणारे ते पहिलेच अमेरिकन. भाषणाच्या आरंभीं ते म्हणाले कीं, एका निरभ्र सकाळीं आकाशांतून मृत्यु उतरला. तो कोणी पाठविला, हें त्या वाक्यांतहि नव्हतें.