आईसाठी उघडलेले दार

आमच्या घरात आजाऱ्याजवळ बसण्याला 'तीमारदारी' म्हणत. दादी म्हणायची, दवा हकीम देतो, पण बरे तीमारदार करतो. पुढे शाळेत मराठी शिकताना 'शुश्रूषा' हा शब्द भेटला. गुरुजींनी त्याचा मूळ अर्थ सांगितला : ऐकण्याची इच्छा. जो ऐकतो तो सेवा करतो, असे त्या शब्दाच्या पोटात आहे. हे दोन्ही शब्द मी आयुष्यभर जवळ बाळगले. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. तरीही आज लहान मुलांच्या शुश्रूषेविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझी धाकटी बहीण.

साल 1979. मी दहा वर्षांचा, ती पाच वर्षांची. आम्ही आजोळी गेलो असताना तिला घटसर्प झाला. तिथल्या एका दवाखान्यात तिला दाखल केले. दवाखान्याचे नाव सांगत नाही. संसर्गाच्या वॉर्डात आईला आत घेत नसत, त्याला दोष देण्यापेक्षा समजून घेणे बरे. दाराला एक छोटी काच होती. अम्मी दिवसभर त्या काचेला डोळा लावून उभी असायची. पहिले दोन दिवस आतून रडण्याचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी तो थांबला. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "आता रुळली तुमची मुलगी. शांत झाली." अम्मीने हात वर करून शुक्र मानला.

औषधाने बहीण वाचली. वाचवणाऱ्या त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे ऋण आम्ही कधी विसरलो नाही. पण घरी आल्यावर ती अम्मीकडे जाईना. मामीच्या मांडीवर बसे, माझा हात धरी, पण अम्मीने जवळ घेतले की अंग ताठ करून दुसरीकडे पाहत राही. हे कितीतरी दिवस चालले. अम्मी रात्री पदराने तोंड झाकून रडायची आणि म्हणायची, "मेरा क्या कसूर?" घरात याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, वाचनालयातल्या एका पुस्तकात मिळाले. ते 1952 मध्येच दिले गेले होते, फक्त आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. इस्पितळात एकट्या राहणाऱ्या मुलांचे काय होते, हे ते पाहत होते. त्या काळी इंग्लंडमधल्या अनेक इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून मोजकेच तास भेट मिळे. आई आली की मूल रडते, म्हणून आईच नको, असा हिशेब होता. रॉबर्टसन यांनी हातातल्या कॅमेऱ्याने एक चित्रपट केला. लॉरा नावाची अडीच वर्षांची मुलगी छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढीच त्याची गोष्ट. निवडून निवडून रडणे टिपले, असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी चित्रण केले. घड्याळही चित्रात ठेवले. तो पाहून अनेक डॉक्टर संतापले. इस्पितळांची बदनामी केली, असे त्यांचे म्हणणे.

पण रॉबर्टसन यांचे सांगणे साधे होते. आईपासून तुटलेले मूल आधी आक्रोश करते, मग खचते आणि शेवटी मन मिटून घेते. ते गप्प झाले की आपण म्हणतो, रुळले. खरे तर त्याने आशा सोडलेली असते. घरी परतल्यावर ते आईलाच परके मानते. हे वाचताना मी वाचनालयात उठून उभा राहिलो. अम्मीचा काहीच कसूर नव्हता. बहिणीचाही नव्हता.

1959 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने शिफारस केली, की मुलांच्या वॉर्डात आईबापांना केव्हाही येऊ द्यावे, लहान मुलांच्या आयांना मुक्कामही करू द्यावा. हा विचार अगदी नवाही नव्हता. जेम्स स्पेन्स या डॉक्टरांनी न्यूकॅसल शहरात 1925 मध्येच बाळांबरोबर त्यांच्या आयांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. त्याआधी पॅरिसमध्ये कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेची पेटी आली. कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून तार्निए या डॉक्टरांना ती सुचली आणि 1880 च्या सुमारास ती वापरात आली. त्यांच्यामागून आलेल्या ब्युदँ यांच्या लक्षात आले, की पेटीतले बाळ जगते, पण दूर ठेवलेल्या आईचा त्याच्यातला जीव कमी होत जातो. म्हणून त्यांनी आईला जवळ ठेवण्याचा आग्रह धरला. म्हणजे शहाणपण होते. नियम मात्र त्याच्या उलट झाले.

आपल्याकडे काय झाले? मुंबईत 1929 मध्ये केवळ मुलांसाठी मोठे इस्पितळ उभे राहिले. वाडिया बंधूंनी ते आपल्या आईच्या, बाई जेरबाई यांच्या नावाने बांधले. पुण्यात 1909 मध्ये सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांनी तिथल्या बायकांना, त्यात विधवाही होत्या, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट दाखवली. त्या काळी परक्याचे मलमूत्र काढणे हे भल्या घरच्या बाईचे काम मानत नसत. त्या बायकांनी लोकांचे बोलणे सोसले म्हणून आज आपल्या मुलींना हा पेशा मानाने करता येतो.

तरी संख्या फारच अपुरी होती. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात आकडा आहे : देशात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे साधारण 43,000 माणसांमागे एक. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1956 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय लोकांच्या तोंडी 'घाटी' झाले. जालना, बीड, परभणीकडची माणसे आजही म्हणतात, "घाटीला न्या." गरिबाच्या तोंडी हा शब्द औषधासारखा आहे.

आपल्या सरकारी वॉर्डांत एक गोष्ट विलायतेच्या उलट होती. संसर्गाचा वॉर्ड सोडला, तर मुलाच्या खाटेशी आई असायचीच. खाटेखाली सतरंजी, डबा, स्टोव्हवरून आणलेला चहा. पण हे आपल्या शहाणपणामुळे होते, असे म्हणवत नाही. ते परिचारिका कमी असल्यामुळे होते. आई तिथे होती, पण तिला कोणी काही सांगत नव्हते, विचारत नव्हते. सलाईन संपले की धावायचे, केसपेपर घेऊन खिडकीशी उभे राहायचे, राउंड आला की बाहेर जायचे. आणि जिथे बाळ सर्वांत नाजूक, त्या नवजात बाळांच्या कक्षाचे दार तिला बंदच असे.

ते दार कसे उघडले, त्याची गोष्ट दूरच्या कोलंबिया देशात सुरू होते. बोगोटा शहरातल्या एका गरीब सरकारी इस्पितळात एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत. जंतुसंसर्गाने ती दगावत. 1978-79 मध्ये तिथले डॉक्टर एडगर रे आणि एक्तोर मार्तिनेझ यांनी बाळांना पेटीतून काढून आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू पिल्लाला पोटाशी बाळगते तसे. म्हणून 'कांगारू मदर केअर' हे नाव. यात ऊब मिळते, दूध जवळ राहते, आईच्या श्वासाबरोबर बाळाचा श्वास चालतो.

मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बाळांसाठी आईच्या दुधाचा आग्रह धरला. तिथे नोव्हेंबर 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या आईला दूध येत नाही, तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे दूध. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 खेड्यांत गावातल्याच बायकांना शिकवले : बाळ तोलणे, उबदार ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, गरज पडली तर इंजेक्शन देणे. त्यांचा अभ्यास डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतात, त्यामागे ही खेडी आहेत.

2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवजात कक्षात आईबापांना सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. मग 2021 मध्ये मोठा पुरावा आला. जागतिक आरोग्य संघटनेने भारत आणि आफ्रिकेतले चार देश, अशा पाच ठिकाणच्या इस्पितळांत 3,211 कमी वजनाची बाळे अभ्यासली. आपल्याकडचे इस्पितळ दिल्लीचे सफदरजंग. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. हा फायदा इतका स्पष्ट होता, की अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला. त्यासाठी आईची खाटच नवजात कक्षात आणली होती.

महाराष्ट्रात 2005 मध्ये हजार जिवंत जन्मांमागे 36 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 16 वर आला. ही लहान गोष्ट नाही. पण 9 जानेवारी 2021 ची भंडाऱ्याची रात्रही विसरता येत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. 17 पैकी 10 बाळे गेली, 7 वाचवता आली. यंत्रे लागतातच. पण यंत्राशेजारी जागे माणूस लागते, हे त्या रात्रीने सांगितले.

2022 मध्ये माझ्या त्याच बहिणीची मुलगी सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळाचे वजन 1,300 ग्रॅम. या वेळी सिस्टरांनी आईला आत बोलावले. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे ते स्वतः धुऊन दाखवले. बाळाला टोपी, मोजे घातले आणि आईच्या छातीवर ठेवून ओढणीने बांधले. तिसऱ्या दिवशी आईला ताप आला. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "घरातलं दुसरं कोण आहे? आजी चालेल." माझी बहीण आत गेली. मी दाराशी होतो. पाच वर्षांची असताना जिच्यासाठी आईला दार उघडले नव्हते, ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नातीला छातीशी धरून आत बसली होती. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "भाईजान, अम्मी हवी होती." अम्मी त्याआधीच गेली होती.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती लपवू नये. रात्रपाळीला त्या कक्षात एकच सिस्टर होत्या आणि बाळे बारा. त्या बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते, की अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डातसुद्धा तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षतेत एकामागे एक. मी पाहिलेले चित्र वेगळे होते. आईला आत घेणे म्हणजे सिस्टरची जागा रिकामी ठेवायला परवानगी नव्हे. बाळाचा रंग बदलला, श्वास अडखळला, तर ते ओळखणारी शिकलेली नजर आईची नसते. आईला शिकवायलाही सिस्टरकडे वेळ लागतो. आणि आईला खाट हवी, दोन वेळचे जेवण हवे, संडास जवळ हवा. ओल्या बाळंतिणीला जिन्यात बसवून ठेवायचे आणि वर सहभागाची पाटी लावायची, हे चालणार नाही.

म्हणून दवाखान्याची इमारत किती मजली, यंत्र किती लाखांचे, हे विचारण्याआधी आपण नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत. रात्रपाळीला किती बाळांमागे किती सिस्टर आहेत? हात धुवायला पाणी आणि साबण आहे का? आणि आईला बसायला जागा आहे का? हे प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. आपला लोकप्रतिनिधी मत मागायला आला, तेव्हाही ते विचारता येतात.

बहिणीची नात आता अंगणवाडीत जाते. परवा तिला ताप होता. सिस्टर सुई घेऊन आल्या, तेव्हा ती आईला बिलगून मोठ्याने रडली. मला तो आवाज बरा वाटला.