भूजल पुनर्भरण: थरांच्या जमिनीतून पाणी खाली कसे जाते?

पावसाचे पाणी जमिनीत मुरले म्हणजे ते विहिरीला मिळालेच, असे नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी वरून खाली माती, मुरूम, झिजलेला खडक आणि अखंड काळा पाषाण असे थर आढळतात. पाणी किती वेगाने खाली जाईल, हे यांतील सर्वांत संथ थरावर ठरते.

थरांमधील पाण्याची हालचाल

• काळी माती : पहिल्या पावसाचे पाणी उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून झपाट्याने खाली जाते. माती ओली होऊन फुगली की भेगा मिटतात. त्यानंतर चिकण मातीत ताशी साधारण १ ते ५ मि.मी. पाणीच मुरते. वाळूत हा वेग ३० मि.मी.पेक्षा जास्त असतो.

• मातीखालील मुरूम : माती आपल्या बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवते. ती जवळजवळ पूर्ण भिजल्याशिवाय पाणी मुरमाच्या मोठ्या छिद्रांत उतरत नाही. म्हणून हलक्या सरींचे पाणी पिकाला मिळते, विहिरीला नाही.

• मुरमाखालील पाषाण : येथे पाणी अडते आणि उताराकडे आडवे सरकते. पावसाळ्यात विहिरीच्या कडेने सुटणारे पाझर हे याचेच लक्षण आहे. पाषाणाला भेगा असतील तरच पाणी आणखी खोल जाते.

पुनर्भरणाचे काम करताना

१. जवळची न बांधलेली विहीर किंवा नाल्याची दरड पाहून प्रत्येक थराची जाडी मोजावी.

२. पुनर्भरणाचा खड्डा किंवा चर मुरमापर्यंत न्यावा. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा पाणी साठवतो, पण फारसे मुरवत नाही. खर्च वाया जातो.

३. खोदाईनंतर खड्डा पाण्याने भरावा. ते मुरल्यावर पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजावे. कोरड्या जमिनीत पहिल्या वेळी दिसणारा वेग फसवा असतो.

४. तळाला बसलेला गाळाचा पातळ थरसुद्धा सर्वांत संथ थर ठरतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात गाळ काढावा.

५. विहिरीत ओढ्याचे पाणी थेट सोडू नये. दगड, खडी व वाळूच्या गाळण खड्ड्यातूनच सोडावे. गोठ्याचे सांडपाणी किंवा नुकतीच फवारणी केलेल्या शेतातील पाणी अजिबात घेऊ नये.