पद्मिनीची साखळी

डहाणू तालुक्यातील आगर येथे एका वाडीत जपलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन उघडलेले आम्ही पाहिले. पुढच्या बाजूने खडखड येत होती. आधीच्या कारागिराने केवळ टायमिंग चेन बदलली होती, तिची दंतचक्रे जुनीच ठेवली होती. काही महिन्यांत आवाज परतला. या वेळी मिस्त्रींनी पूर्ण ‘सेट’ आणला होता. ‘साखळी ताणली,’ ते म्हणाले. धंद्यात सगळेच असे म्हणतात. पण साखळी खरोखर ताणते का?

निकोलस ओटो याने 1876 मध्ये चालवून दाखवलेल्या चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून कॅमशाफ्टच्या चक्राला दुप्पट दाते असतात. समजा, ते 20 आणि 40 आहेत. बसवताना एक दाता चुकला, तर कॅमशाफ्ट 9 अंशांनी आणि क्रँकशाफ्टच्या हिशेबाने 18 अंशांनी चुकते. मिस्त्री खुणा जुळवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून त्या पुन्हा पाहतात, ते यासाठीच.

या साखळीचे मूळ मँचेस्टरमध्ये आहे. मूळचा स्विस असलेल्या हान्स रेनॉल्ड याने 1880 मध्ये खिळ्यावर बुश आणि त्यावर फिरता रूळ बसवला. त्यामुळे घर्षण रुंद पृष्ठभागावर विभागले गेले. तरीही झीज होतेच. 60 कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा 0.02 मिलिमीटर झिजला, तर एकूण लांबी 1.2 मिलिमीटरने वाढते. पोलाद ताणलेले नसते, सांधे सैल झालेले असतात! कॅमशाफ्ट मागे पडते आणि झडपा उशिरा उघडतात. लांबलेली साखळी दात्यांवर वर चढते व त्यांनाही झिजवते. अशा दात्यांवर नवी साखळी लवकर खराब होते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची (स्थापना 1944) ही मोटार मुळात फियाट 1100. तिला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे. उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले, पण मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. मधली वीसेक वर्षे या गाड्या इतरांनी बनवलेल्या सुट्या भागांवरही चालल्या. दोन खिळ्यांमधले अंतर ठरावीक मापाचे असते, म्हणून परक्या कारखान्याची साखळीही चपखल बसते. दरम्यान 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा आणला. तो हलका आणि शांत, पण ठरावीक अंतरानंतर बदलावा लागणारा. पुढे मारुतीच्याच नव्या इंजिनांत साखळी परतली. आम्हाला त्याचे नवल वाटले नाही.

वर्गात हे सायकलच्या साखळीवर दाखवता येईल. तिच्या दोन खिळ्यांत अर्धा इंच अंतर असते. साखळी ताठ धरून 24 कड्यांची लांबी मोजावी. नवी असेल तर 304.8 मिलिमीटर भरेल. 307 भरली, तर दंतचक्राचे दातेही मुलांना पाहायला सांगावेत.