पालीची वाट आणि पाथरवटाचे नाव

पाली म्हटले की आपणांपैकी बहुतेकांना बल्लाळेश्वराची पाली आठवते. आम्ही बोलणार आहोत ती पाली वेल्हे भागातली, राजगडाच्या पायथ्याची. शिवाजी महाराजांच्या या राजधानीचा राजमार्ग इथून वर चढतो. मार्ग प्रशस्त, पायऱ्या खोदलेल्या. वरच्या पाली दरवाज्यातून अंबारीसह हत्ती आत जाई असे सांगतात. 2025 साली राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. अशा वेळी वाटेवर पुतळे उभारावेत, खडकांवर चित्रे काढावीत, खालच्या रानाचे उद्यान करावे, असे कोणाच्याही मनात येते. येऊ द्यावे. परंतु आपल्या डोंगरवाटांवर कला पूर्वी कशी आली, हे आधी पाहिलेले बरे.

जुन्नरजवळचा नाणेघाट घ्या. कोकणातून घाट चढून आलेला वाटसरू जिथे धापा टाकीत टेके, नेमके त्याच लेण्यात सातवाहनांनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरविल्या. राजा सिमुक, राणी नागनिका, तिचा पती सातकर्णी, राजपुत्र. राज्य कोणाचे हे दमलेल्या माणसालाही कळावे, हा हेतू उघड आहे. आज मूर्ती गेल्या. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले. छिन्नी चालविणाऱ्याचे नाव मात्र त्यांत नाही.

कार्ल्याची गोष्ट निराळी. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर एक छोटा लेख आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार घडविले. बापाच्या नावासकट सुतार तिथे उभा आहे! आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो, म्हणून असेल, पण त्या सबंध लेण्यात आम्हांस हा सामीच अधिक जवळचा वाटतो. रायगडी जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे. पण ते बांधकामाचे प्रमुख. त्यांच्या हाताखालचे पाथरवट, बेलदार, सह्याद्रीच्या काळ्या दगडावर बोथटलेल्या छिन्न्यांना पुन्हा धार लावून पाणी देणारे लोहार, यांची नावे कोठे आहेत?

गावकुसाबाहेरचे वीरगळही तसेच. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर वीराचेही नाव नाही, मग घडविणाऱ्याचे कोठून असणार? लोक शेंदूर लावून आपला मान देतात.

तेव्हा पालीच्या वाटेवर नवे काय करावे? गडावर काही नको. तिथल्या पायऱ्या आणि दरवाजे हीच तिथली कला; पावसाळ्यात त्यांवरचे पाणी नीट वळवले तरी मोठे काम होईल. वाटेकडेची कारवी सात वर्षांनी फुलते, तिला बगिचाच्या कुंपणात घालू नये. काही घडवायचेच असेल तर खाली गावात, पडलेल्या वीरगळांना आसरा द्यावा, विसाव्यासाठी दगडी ओटा बांधावा. आणि त्या ओट्यावर तो घडविणाऱ्याचे नाव, बापाच्या नावासकट, कोरावे.

हे सांगण्याचा आम्हांस अधिकार आहे का, असे कोणी विचारील. आमच्या संघटनेची कचेरी बांधली तेव्हा कोनशिलेवर आम्ही पदाधिकाऱ्यांची नावे घातली. आमचेही त्यांत आहे. गवंड्याचे राहून गेले. परवा जुन्या पावत्यांची पेटी उघडली; मजुरी चुकती केल्याची नोंद सापडली, सहीच्या जागी नुसता अंगठा आहे.