कुंडीतली बोगनवेल पावसात का मरते? रायगड किनाऱ्यावर कुंडी कधी आणि कशी बदलावी

रेवस-मांडव्यापासून खाली श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत, रायगडच्या किनाऱ्याने उन्हाळ्यात फिरताना डोळ्यांत भरणारा रंग असतो तो बोगनवेलीचा. बंगल्यांच्या फाटकांवर, वाड्यांच्या कुंपणांवर, हॉटेलांच्या आवारात गुलाबी, जांभळे, नारिंगी, पांढरे झुबके दिसतात. जमिनीत रुजलेली बोगनवेल येथे फारशी तक्रार न करता वाढते. खारा वारा सोसते, कित्येक दिवस पाणी मिळाले नाही तरी तग धरते.

कुंडीतल्या बोगनवेलीचे मात्र तसे नाही. मे महिन्याच्या उन्हात भरभरून फुललेले झाड जुलैत एकाएकी मान टाकते. पाने मलूल दिसतात, म्हणून घरातले कुणीतरी आणखी तांब्याभर पाणी घालते. आठ-पंधरा दिवसांत झाड जाते आणि दोष बहुधा रोपवाटिकेवर येतो.

खरे कारण कुंडीत असते. अलिबागला वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुणे शहरात हाच आकडा साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीतली माती दिवसेंदिवस भिजलेली राहिली की तिच्यातल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात आणि ओल्या मातीत फोफावणाऱ्या बुरशीसारख्या रोगांना वाट मिळते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे झाड भर पावसात तहानल्यासारखे दिसते.

म्हणूनच इंटरनेटवर सापडणारा ‘वसंतात कुंडी बदला’ हा सल्ला कोकणात जसाच्या तसा उपयोगाचा नाही. तो थंड हिवाळा असलेल्या प्रदेशांसाठी लिहिलेला असतो.

झाडाचा स्वभाव

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी लुई आंत्वान द बुगेनव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत, १७६७ मध्ये, रिओ दि जानेरोजवळ वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों याने तिची नोंद केली आणि मोहिमेच्या प्रमुखाचे नाव झाडाला मिळाले. कोमेर्सोंची सहायक झाँ बारे या मोहिमेत पुरुषाच्या वेषात वावरत होती; झाडाला तिचे नाव मिळाले असते तरी वावगे झाले नसते.

रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, फुलांना वेढणारी पाने आहेत. खरे फूल मधले इवलेसे, पांढरट नळीसारखे असते. लहान दिवस आणि कोरडी माती यांमुळे झाड फुलायला उद्युक्त होते. मुळे कुंडीत थोडी दाटलेली असली तरी फुलणे अडत नाही, उलट बऱ्याचदा वाढते. त्यामुळे ‘फुले येत नाहीत, कुंडी बदलून पाहू’ हा विचार बहुतेक वेळा चुकतो. फुले नसण्यामागे अपुरे ऊन, जास्त पाणी किंवा नत्राचा मारा ही कारणे आधी तपासावीत.

कुंडी बदलायची वेळ आली, हे कसे ओळखावे?

घातलेले पाणी माती न भिजवता कडेने सरळ खाली वाहून जाते. सकाळी पाणी घालूनही दुपारपर्यंत पाने गळाल्यासारखी होतात. भोकातून मुळे बाहेर येतात, कधी कुंडीला तडा जातो. याच्या अगदी उलट, पाणी वर साचून राहते, तेही लक्षणच आहे. जोमदार झाडाला साधारण दोन-तीन वर्षांनी नवी कुंडी लागते. ‘थिम्मा’सारख्या चट्ट्यापट्ट्यांच्या पानांच्या जाती हळू वाढतात, त्यांना आणखी उशिराने.

किनाऱ्यावर एक खूण वेगळी आहे. समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये अनेक ठिकाणी मचूळ होते. तेच पाणी घालत राहिल्यास क्षार मातीत साठतात. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात. पहिल्या पावसात यातले बरेचसे क्षार धुऊन जातात; पण माती दगडासारखी आवळली असेल तर ती बदललेलीच बरी.

कोणता महिना?

मुंबईसाठी मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर धरली जाते. रायगडला फार फरक पडत नाही. या दोन तारखांभोवती हिशेब मांडावा लागतो.

फुलांचा मुख्य बहर ओसरल्यावर, एप्रिलअखेर ते मेचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाची झड लागण्यापूर्वी नव्या मुळांना तीन-चार आठवडे मिळतात आणि जूनमध्ये ओलावा येताच झाड जोमाने पालवते. ऊन कडक असते हे खरे, पण झाड सावलीत हलवता येते. पाऊस हलवता येत नाही. दुसरी संधी ऑक्टोबरच्या मध्यानंतरची. तेव्हा केल्यास त्या हंगामाची सुरुवातीची फुले हुकतात, एवढेच.

जून-जुलैत निरोगी झाडाला हात लावू नये. ताज्या तुटलेल्या मुळांवर संततधार म्हणजे कुजण्याला आमंत्रण. झाड आधीच कुजू लागले असेल तर मात्र मुहूर्त पाहू नये.

तळाला विटांचे तुकडे घालावेत का?

घरोघरी चालत आलेली ही पद्धत आहे आणि ती फारशी कामाची नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे तळाला तीन इंच विटा भरल्या तर ओला पट्टा तीन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

स्वयंपाकघरातल्या स्पंजवर हे पाहता येते. भिजलेला स्पंज आडवा धरावा, ठिबकणे थांबू द्यावे आणि मग उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. पाण्याच्या उभ्या स्तंभाची उंची वाढली की निचरा वाढतो. म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच कुंडी बरी, आणि भोकावर माती अडवायला एक खापराचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा पुरतो. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे करून ते सगळ्या मातीत मिसळावेत. तेथे त्यांचा खरा उपयोग होतो.

दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भरड पदार्थ (विटांचे तुकडे, बारीक खडी, नदीची जाड वाळू) हे मिश्रण येथे चालते. जांभ्या दगडाची लाल माती किंचित आम्लधर्मी असते आणि बोगनवेलीला तीच मानवते. भाताचा जिल्हा असल्याने जळके तूस मिळत असेल तर थोडे घालावे, माती मोकळी राहते. कोकोपीट जपून, उन्हाळ्यात ते उपकारक, पावसात पाणी धरून बसते.

समुद्रावरची वाळू घालू नये. हाताशी असते, फुकट मिळते, पण मीठ घेऊन येते. खाडीकाठच्या खारजमिनीची मातीही नको.

नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन इंच रुंद असावी. एकदम मोठी घेतली तर ज्या मातीत मुळेच नाहीत ती आठवडाभर ओली राहते. मातीची कुंडी भिंतीतूनही वाळते, म्हणून पावसाळी भागात ती उत्तम. नवी सिमेंटची कुंडी काही दिवस पाणी भरून, ते बदलत ठेवावी, म्हणजे चुन्याचा अंश कमी होतो. गच्चीवर असेल तर वजनाचाही विचार हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले होते. उंच वाढलेले झाड हलक्या प्लास्टिकच्या कुंडीत असेल तर ते साध्या पावसाळी वाऱ्यानेही आडवे होते.

झाड हलवताना

बोगनवेलीची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात. मातीचा गोळा फुटला की झाडाला जबर धक्का बसतो. म्हणून आदल्या दिवशी पाणी घालावे, म्हणजे गोळा ओलसर, एकसंध राहतो. जाड हातमोजे घालावेत, काटे खोल जातात आणि काहींची त्वचा सुजते. फांद्या एक-तृतीयांश छाटून घ्याव्यात.

खोड धरून ओढायचे नाही. रोपवाटिकेची काळी पिशवी असेल तर आधी तिचा तळ कापावा, पिशवीसकट झाड नव्या कुंडीत बसवावे आणि मग बाजूने चिरून पिशवी वर काढून घ्यावी. मातीच्या कुंडीला मुळे चिकटली असतील तर कुंडी फोडलेली परवडते. गोल गोल फिरलेली बाहेरची मुळे सुरीने दोन-तीन ठिकाणी उभी चिरावीत, बाकी गोळा सोडवत बसू नये. बोन्साय करणारे बरीच मुळे छाटतात हे खरे, पण ते जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांवर आणि अत्यंत निचऱ्याच्या मिश्रणात.

अंगणात मातीवर ठेवलेल्या कुंडीची एक गंमत असते. मुळे भोकातून निघून खालच्या जमिनीत गेलेली असतात आणि झाड प्रत्यक्षात अंगणावर जगत असते. कुंडी उचलताच ती तुटतात. अशा वेळी छाटणी जास्त करावी.

खोडाभोवतीची माती पूर्वी होती त्याच पातळीला ठेवावी, अधिक खोल पुरू नये. माती हलक्या हाताने दाबून, खालून निथळेपर्यंत एकदा पाणी द्यावे. पुढचे आठ-दहा दिवस पडवीत किंवा विरळ सावलीत ठेवावे. महिनाभर खत नाही. पाने गळाली तर घाबरू नये. फांदी नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे, आणि पाने नसलेल्या झाडाला पाणीही कमीच लागते.

पाऊस सुरू झाल्यावर

कुंडीखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे भोक चिखलाने बुजत नाही. कौलांच्या पागोळ्या जेथे पडतात ती जागा टाळावी. तेथे एका सरीत पावसाच्या कितीतरी पट पाणी कुंडीत ओतले जाते. झड लागली की कुंडी एका बाजूला तिरकी करून ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही चांगली आहे.

एवढे करूनही झाड मलूल झाले तर आधी बोट मातीत दोन इंच घालावे. माती ओली आणि तरीही पाने लोंबत असतील तर पाणी बंद. झाड बाहेर काढून वास घ्यावा. कुबट वास आणि चिमटीत सालपट निसटणारी तपकिरी मुळे दिसली तर ती स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत, जुनी माती झटकावी, फांद्या निम्म्याहून अधिक छाटाव्यात आणि झाड आधीपेक्षा लहान कुंडीत, जास्त भरड मिश्रणात लावून पावसाआड ठेवावे. सगळी वाचत नाहीत. छाटलेल्या फांद्यांपैकी पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे मात्र फेकू नयेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत, आडोशाला, भरड वाळूत खोचल्यास त्यांतले काही महिना-दोन महिन्यांत मुळे धरतात.